सातशे वीस तास

३ सप्टेंबर

शहाण्णव बाइट उरले! अख्ख्या चिपमध्ये जागा बत्तीस हजार सातशे अडुसष्ट, आणि त्यातले रिकामे फक्त शहाण्णव. एवढ्यात मी काय कोंबू, कपाळ माझं?

हवामान खात्याचं पत्र आलं सकाळी. बेटावरच्या आमच्या हवामान मोजणाऱ्या पेटीने आता स्वतःच्या चुका स्वतः तपासायला हव्यात. दर तासाच्या आकड्यांचं पॅकेट पोचलं नाही तर ते परत पाठवायला हवं. आणि असं सलग सातशे वीस तास, म्हणजे तीस दिवस, एकदाही न थांबता चालून दाखवायचं. तासांची मोजणी पेटीच करणार, दर पॅकेटमधून कळवणार. मध्ये एकदा जरी बंद पडून पुन्हा सुरू झाली की मोजणी शून्य, आणि तीस दिवस परत पहिल्यापासून.

चालून दाखवलं, तर बेटावर माणूस ठेवायचं कारण उरत नाही. पत्रात सरळ लिहिलंय — ‘निरीक्षकाचे पद रद्द करण्यात येईल.’

निरीक्षक म्हणजे माझा नवरा. चौदा महिने झाले त्याला जाऊन. ते वाक्य मी सहा वेळा वाचलं. नवऱ्याचं पद रद्द होणार म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत हसणारी बाई मी एकटीच असेन!

४ सप्टेंबर

साहेबांशी वाजलं.

म्हटलं, कंपायलर बदलू या. आपला अकरा वर्षांपूर्वीचा. तो कोपऱ्यातल्या त्या एकाच संगणकावर चालतो, दुसरीकडे कुठे चढतच नाही. आजचे कंपायलर तोच कोड कितीतरी कमी जागेत बसवतात. चिप तीच, पेटी तीच. जागा आपसूक मोकळी होईल.

साहेब म्हणाले, ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’ हे वाक्य त्यांनी दारावर पाटी करून लावावं, म्हणजे रोज बोलायचे श्रम वाचतील.

सोल्डरकाका बोर्डावर डाग देत बसले होते. आमच्याकडे सगळ्यांत जुने तेच. मान वर न करता म्हणाले, ‘त्या कोपऱ्यातल्याचा पंखा मी तीनदा बदललाय, साहेब. चौथा मिळायचा नाही.’

साहेबांनी कोपऱ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, ‘आणि बिघडलं तर, मॅडम?’

‘तर माझ्यावर ढकला.’ पटकन बोलून गेले. हात दाखवून अवलक्षण!

५ सप्टेंबर

सासूबाईंनी विचारलं, हा कंपायलर कोण लागून गेला, ज्याच्यासाठी तू जेवताना पुटपुटतेस? सांगितलं — मी लिहिते ते चिपला कळत नाही, चिपला फक्त आकडे कळतात. मधे बसून जो उतरवून देतो तो.

‘दुभाषा म्हण की सरळ!’

म्हटलं, हो, दुभाषा. जुना फार पाल्हाळ लावतो. नवा मोजकं बोलतो.

‘मग नवाच आण. पाल्हाळ लावणारी या घरात एक आहे तेवढी पुरे,’ म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या. कोण ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार

फोन आला. आठवड्याची नऊ मिनिटं. त्यातली चार सासूबाईंची, पोट साफ होतं का, स्वेटर घालतोस का. माझ्या वाट्याला पाच.

‘काय म्हणते माझ्या पोटावर पाय देणारी पेटी?’

सगळं सांगितलं. पत्र, तीस दिवस, पद रद्द. सांगण्यातच मिनिटं संपतायत म्हणून स्वतःचाच राग आला. आपण बोललेलं तिकडे पोचून उत्तर यायला एक सेकंद लागतो. त्या सेकंदाची सवय होत नाही.

‘होईल ना मग?’ म्हणाला.

‘होणार म्हणजे होणार!’

‘तू म्हणतेस म्हणजे होईल.’ मग म्हणाला, ‘इथे सकाळी सहाला समुद्र असा असतो ना, की माणूस बोलायचं विसरतो.’

‘तू आधी तरी कधी बोलायचास?’ म्हटलं. आणि लाइन तुटली. नेहमी माझंच वाक्य शेवटचं राहतं आणि ते असलं काहीतरी असतं.

९ सप्टेंबर

त्याच्याकडे एकोणीस अंश. वारा ताशी बत्तीस. आर्द्रता ब्याऐंशी.

पेटीचं पॅकेट दर तासाला येतं, ते मोबाइलवरही दिसतं. कामासाठी बघते असं कोणी विचारलं तर सांगते. खरं म्हणजे बघते, आत्ता त्याच्या कानाला वारा लागत असेल का ते. इथलं तापमान मला कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

११ सप्टेंबर

नवा कंपायलर बसवला. आमचा कोड त्याच्यापुढे ठेवला. दोनशे चौदा इशारे! जुन्याने अकरा वर्षांत चकार शब्द काढला नव्हता, आणि हा पहिल्याच दिवशी सासुरवाशिणीचे दोष काढावेत तसा सुरू झाला. हे असं का लिहिलं, ते तसं का, इथे अमुक वापरलंच नाही.

साहेब मागून बघून गेले. पाठीमागून सुद्धा माणूस ‘म्हटलं नव्हतं का’ असा चालू शकतो!

१२ सप्टेंबर

एकशे साठ निस्तरले. मान मोडली.

१५ सप्टेंबर

आज खरा सापडला. एकशे अठ्ठ्याण्णवावा इशारा. वाऱ्याचे आकडे ठेवायला मी नऊ घरांची रांग केली आहे, आणि कोड दहाव्या घरात लिहितो. दहावं घर आपलं नाहीच! शेजाऱ्याचं आहे. सहा वर्षं आम्ही शेजाऱ्याच्या घरात सामान टाकतोय, आणि शेजारी गरीब म्हणून निभावलं.

लिहिणारी कोण? मीच. सहा वर्षांपूर्वीची.

साहेबांना जाऊन सांगितलं, लपवलं नाही. चष्मा काढून बघत राहिले. ‘हे जुन्याने का नाही सांगितलं?’

‘त्याला दिसतच नव्हतं.’

‘हं,’ म्हणाले. साहेबांकडून एवढं मिळालं म्हणजे खूप मिळालं.

१६ सप्टेंबर

२६,९१२! पाच हजार आठशे छप्पन्न बाइट मोकळे!! काकांचा हात धरून गिरकी घेतली. त्यांच्या हातात तापलेली सोल्डर गन होती. ‘अहो बाई, भाजाल!’

१८ सप्टेंबर

टेबलावर पेटी जोडली. तापमान : उणे शेहेचाळीस.

खिडकीतून ऊन येतंय, काका शर्टाच्या बाहीने घाम पुसतायत, आणि पेटी म्हणते उणे शेहेचाळीस. दहा वेळा सुरू केली. दहा वेळा उणे शेहेचाळीस.

जुन्या कंपायलरने बांधलेला तोच कोड घातला — एकोणतीस. बरोब्बर.

साहेबांना बातमी आपोआप पोचली. ‘मॅडम, जुना बरोबर, नवा चूक. यात अजून काय बघायचंय?’

२० सप्टेंबर

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर जुन्यावर परत. जुन्यावर परत म्हणजे शहाण्णव बाइट. म्हणजे तपासणी नाही, परीक्षा नाही. म्हणजे तो तिथेच.

कपाटात त्याचे चार शर्ट आहेत. आज धुऊन परत लावले. मळले नव्हते.

२२ सप्टेंबर

सापडलं!!

नव्या कंपायलरने उतरवलेला आकड्यांचा तक्ता ओळ ओळ वाचत बसले. तापमापकाला वीज दिली की त्याला तयार व्हायला वीस मिलीसेकंद लागतात. तेवढं थांबायचं म्हणून मी काय केलं होतं, तर चिपला शून्यापासून वीस हजारापर्यंत मोजायला लावलं होतं. मोजून काही करायचं नाही. नुसतं मोज, तेवढा वेळ जाईल. जुना निमूटपणे मोजत बसायचा. नवा हुशार. तो बघतो, या मोजण्यातून काही निष्पन्न होत नाही, कोणाला त्याचा उपयोग नाही. म्हणजे बिनकामाचं. काढून टाका! तक्त्यात त्या जागी काहीच नाही, आत आलो आणि बाहेर गेलो. तापमापक उठायच्या आत त्याला प्रश्न विचारला, त्याने झोपेत उणे शेहेचाळीस सांगितलं.

कंपायलरची चूक नाही. नियमाने त्याचंच बरोबर. मला थांबायचं होतं तर मी ‘थांब’ असं स्पष्ट लिहायला हवं होतं. चिपमध्ये घड्याळ आहे, त्याला विचारून थांबायला हवं होतं. आता तसं केलंय. एकोणतीस पूर्णांक दोन.

पण बराच वेळ नुसती बघत बसले त्या रिकाम्या जागेकडे. नुसतं थांबणं हे पण काम असतं, हे बाहेरून कसं कळणार कोणाला? चौदा महिने मी दुसरं काय करतेय?

२४ सप्टेंबर

माझ्या आणि साहेबांच्या संगणकावर, दोन्हीकडे कोडची स्वतंत्र बांधणी केली. कंपायलरची आवृत्ती अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून बांधून ठेवली आहे, म्हणजे कोणीही, कुठेही, कधीही बांधा, तेच निघणार. दोन्ही फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या. एका बाइटचा फरक नाही! साहेबांनी कोपऱ्यातल्या संगणकाचं बटण स्वतः बंद केलं. काकांनी त्याच्यावर फडकं टाकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

नवा कोड भरलेलं कार्ड उद्याच्या बोटीने जातंय. फोनवर त्याला समजावलं — पेटीचं कुलूप काढायचं, कार्ड खाचेत सरकवायचं, हिरवा दिवा लागला की झालं, परत कुलूप.

‘किल्ली गळ्यातच असते माझ्या,’ म्हणाला. ‘आख्ख्या बेटावर चोर म्हणून एक कुत्रंही नाही, पण खात्याचा नियम.’

‘आल्यावर पहिलं काय करशील?’

एक सेकंद गेला. लाइनचा.

‘झोपेन.’

१ ऑक्टोबर

दुपारी बारा. मोजणी : ०.

तशीच एक जुळी पेटी काकांनी इथे गच्चीवर लावली. तेच बोर्ड, तोच कोड, तीच वेळ. ‘एक माहेरी, एक सासरी,’ म्हणाले.

५ ऑक्टोबर, रविवार

९४. तो ठीक. त्याच्याकडे पाऊस. मला आधीच माहीत होतं!

१३ ऑक्टोबर

२८५. सासूबाईंनी खोली रंगवायला काढली. पलंग ओढून मधे आणला, त्याच्यावर चादर, चादरीवर मी. या वयात शिडीवर चढायला निघाल्या होत्या, मी खाली उतरवलं तर म्हणतात, ‘माझा मुलगा येतोय, मी काय हातावर हात ठेवून बसू?’

फिकट निळा घेतला. त्याला निळा आवडतो का हे दोघींनाही नक्की सांगता येईना. सोळा वर्षांचा संसार!

१९ ऑक्टोबर, रविवार

आज फोनवर मी मुद्दाम कमी बोलले. जायच्या आधीचं ते वर्ष आठवत होतं. मी बोलत सुटायची, तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. मी तिथेही जायची. आता नाही तसं करायचं. ठरवलंय. तो आला की त्याला गॅलरी देऊन टाकायची.

त्यालाच शेवटी विचारावं लागलं, ‘बरं नाही का तुला?’

२५ ऑक्टोबर, शनिवार

मोजणी शून्य.

५७० वर होती. सकाळी सहा चाळीसला बंद पडून पुन्हा सुरू झाली. तीनदा मोबाइल बंद करून उघडला. शून्यच.

सहा दिवस राहिले होते. फक्त सहा!

२६ ऑक्टोबर, रविवार

‘झोपली होती गं तुझी पेटी,’ म्हणाला. ‘मी सातच्या नोंदीला गेलो तेव्हा दिवा लुकलुकत होता. वारा फार होता काल.’

मी रडले. नऊतली दोन मिनिटं नुसती रडण्यात घालवली.

‘तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना इथे बरा. तू दमू नकोस एवढी.’

असं बोलतो आणि मग मला अजून रडू येतं.

२८ ऑक्टोबर

साहेब : ‘म्हटलं होतं, चालत्या गाडीला हात लावू नका.’

म्हटलं, गच्चीवरची जुळी चालूच आहे की! तोच कंपायलर, तोच कोड. सहाशे सत्तेचाळीस तास, एकदाही हूं की चूं नाही.

‘मग बेटावर काय भूत आहे?’

मी गच्चीवर जाऊन जुळीचा दिवा बघून आले.

३ नोव्हेंबर

थंडी असेल. पहाटे बेटावर फार गार होतं, बॅटरीचा जोर कमी पडत असेल. तिसरी पेटी जोडून ऑफिसच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवली. साहेबांचा डबा काढून टेबलावर ठेवावा लागला. साहेब आले, डबा बघितला, फ्रिज उघडला, पेटी बघितली, बंद केला. ‘नाचता येईना अंगण वाकडं,’ एवढंच म्हणाले.

१० नोव्हेंबर

फ्रिजमध्ये सात दिवस. पेटीवर बर्फ साचलाय. चालू आहे ठणठणीत.

१७ नोव्हेंबर

बेटावर दुसऱ्या खेपेचे ५५०-च्या वर. मी काही बोलत नाही. नजर लागेल. मी, नजर लागण्यावर विश्वास ठेवतेय! कोणाला सांगू नये.

२१ नोव्हेंबर

पुन्हा. सहा पन्नासला. ६४८ वर. तीन दिवस राहिले होते.

इथली जुळी बाराशेच्या पुढे गेली आहे.

२२ नोव्हेंबर

दिवसभर अंथरुणातच. सासूबाईंनी पेला आणून ठेवला, परत नेला. दारातून म्हणाल्या, ‘अगं, नशिबात असेल तेव्हा येईल.’ मी ओरडले त्यांच्यावर — नशीब नाही हो, यात काहीतरी चूक आहे आणि ती मी केली आहे! त्या गेल्या. मागोमाग जाऊन पाया पडले. ‘पडायचं कशाला, उठून बस म्हणजे झालं,’ म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

‘तू किती दिवस असं साप साप म्हणून भुई धोपटणार?’ म्हणाला. ‘सोड. शेवटची बोट तीन जानेवारीला. त्यानंतर समुद्र खवळतो, एप्रिलपर्यंत काही येत-जात नाही. नाही झालं तर नाही झालं. मला काही त्रास नाही इथे.’

‘मला आहे!’ म्हटलं. ‘मला त्रास आहे! मला तू हवा आहेस इथे. समजलं? या घरात, या खोलीत, बोल नाहीतर नको बोलूस!’

सोळा वर्षांत असं कधी बोलले नव्हते. एक सेकंद गेला. दोन गेले. मग म्हणाला, ‘हो. माहीत आहे.’

कान लाल झाले होते माझे. नवी नवरी काय!

२५ नोव्हेंबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर मी थंडी, वारा, बॅटरी, कंपायलर करत बसले, आणि उत्तर चिपच्या आत आहे.

चिप प्रत्येक वेळी जागी होताना स्वतःला का उठवलं ते एका छोट्या कप्प्यात लिहून ठेवते. शहाण्णव बाइटच्या काळात तो कप्पा वाचून कळवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही कधी वाचलाच नाही. आता जागा आहे. पॅकेटमध्ये एक रकाना वाढवला, नाव दिलं ‘कारण’. कारणं तीनच असू शकतात.

एक — वॉचडॉग. कोड कुठेतरी अडकून पडला, आणि चिपमधल्या पहारेकऱ्याने हलवून उठवलं. म्हणजे चूक माझी.

दोन — वीज. बॅटरीने मान टाकली. म्हणजे चूक काकांची!

तीन — बोर्डावरचं बटण. हे मसुराच्या दाण्याएवढं, आम्ही टेबलावर काम करताना दाबायला म्हणून ठेवलेलं. बेटावर ते कुलपाच्या आत असतं. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘तीन कशाला लिहिता? पक्ष्याची चोचही पोचायची नाही तिथे, ते दाबायला पेन्सिलचं टोक लागतं.’ दोघं हसलो. पण कप्प्यात तीन आहेत म्हणून तीन लिहिले.

साहेब म्हणाले, चालू परीक्षेत प्रश्नपत्रिका बदलत नाहीत. म्हटलं, प्रश्नपत्रिका तीच आहे, मी फक्त उत्तरपत्रिकेला एक समास ठेवतेय. सही केली. हसू आलं असावं त्यांना, मिशीत कळत नाही.

२९ नोव्हेंबर

सकाळी अकराला कार्ड लागलं. मोजणी ०. कारण : २, नव्याने वीज दिली म्हणून. बरोबर आहे.

त्याला रकान्याचं सांगितलं नाही. ‘बारीकशी दुरुस्ती’ म्हटलं. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा पडायचं, त्यालाही किती वेळा? एकोणतीस डिसेंबरला पूर्ण झालं तर तीनच्या बोटीने निघतो. हिशेब बसतो. चार दिवस हाताशी राहतात.

७ डिसेंबर, रविवार

१९०-च्या पुढे. सासूबाईंनी त्याला निळ्या रंगाचं सांगितलं. ‘छान,’ म्हणाला.

१४ डिसेंबर, रविवार

३६०. अर्धं झालं. मी आज विनोद सांगितला एक, तो हसला. मोठ्याने! किती दिवसांनी. फोन ठेवल्यावर सासूबाईंना म्हटलं, ऐकलंत? म्हणाल्या, ‘मी काय बहिरी आहे?’ आणि डोळे पुसले.

१९ डिसेंबर

त्याच्याकडे सात अंश. वारा पडलाय. आज त्याला समुद्र सपाट दिसत असेल.

मला तो असा हवा आहे की त्याला काय दिसतंय ते विचारायला आकडे लागू नयेत.

२४ डिसेंबर

६००-च्या जवळ. साहेबांनी आज स्वतःहून विचारलं, ‘किती झाले?’ काका रोज सकाळी विचारतात. आख्खं ऑफिस मोजतंय माझ्या नवऱ्याचे तास! बोटीच्या धक्क्यावर न्यायला कोण जाणार यावरून सासूबाईंशी वाद. दोघी जाणार असं ठरलं. कोणती साडी यावर अजून ठरलं नाही.

२६ डिसेंबर

६४८ ओलांडली! मागच्या वेळी इथेच पडली होती. आता पुढचं सगळं नवं.

२८ डिसेंबर, रविवार

काल सकाळी सहा पन्नासला मोजणी शून्य. दोन दिवस राहिले होते.

कारण : ३.

काल दिवसभर मी चिपचं माहितीपुस्तक वाचलं. पहिल्यापासून. तीन म्हणजे बटणच, कुलपाच्या आतलं. दुसरा अर्थ नाही. कंपायलरने काही केलं नव्हतं, मीही नाही.

आज फोन आला. पहिली चार मिनिटं सासूबाईंनी घेतली. मग मला दिला.

‘सापडलं का गं काही?’

एक सेकंद मी घेतला. लाइनचा नव्हता.

‘नाही,’ म्हटलं. ‘माझंच काहीतरी चुकतंय.’

‘असू दे,’ म्हणाला. ‘असू दे गं.’ किती बरं वाटलं त्याला! आवाजावरून कळतं मला.